वैद्यकशास्त्र नव्या शोधांना विरोध करते, की काही ठरावीक शोधांनाच?

सात रस्ता

सोलापुरातल्या आमच्या वाचनमंडळात नुकतीच आरोग्यावर चर्चा झाली. एका गृहस्थांनी मधुमेह मुळासकट घालवणाऱ्या एका काढ्याची माहिती दिली आणि डॉक्टर मंडळी तो का स्वीकारत नाहीत, या प्रश्नावर व्हिएन्नाच्या सेमेलवाइस या डॉक्टरचा दाखला दिला. त्यालाही त्या काळच्या डॉक्टरांनी वेड्यात काढले होते, पुढे तोच खरा ठरला, तसेच या काढ्याचेही होणार, असे त्यांचे म्हणणे होते. टाळ्या पडल्या. या युक्तिवादाचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे आणि उत्तरार्ध त्यातून मुळीच निघत नाही, असे माझे मत आहे. पण ते तिथे पाच मिनिटांत मांडण्यासारखे नव्हते, म्हणून इथे सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात नोकरी गेली, एवढाच माझा या विषयाशी संबंध.

सेमेलवाइस व्हिएन्नाच्या ज्या रुग्णालयात काम करी, तिथे प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुइणी. १८४६ मध्ये पहिल्या विभागात सुमारे ११ टक्के बाळंतिणी दगावल्या, तर दुसऱ्यात ३ टक्क्यांहूनही कमी. शहरातल्या बायकांना हे इतके माहीत होते की पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या हातापाया पडत. मार्च १८४७ मध्ये शवविच्छेदन चालू असताना विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून कोलेट्श्का हे प्राध्यापक वारले, आणि बाळंतरोगाने गेलेल्या स्त्रियांच्या शरीरात दिसत तशाच खुणा सेमेलवाइसला त्यांच्या शरीरात आढळल्या. विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूतिगृहात येत, सुइणी येत नसत. मे महिन्यात त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले.

इथपर्यंत सगळे सांगतात. मात्र रोकिटान्स्की, श्कोडा आणि हेब्रा ही त्या काळच्या व्हिएन्नातली बडी नावे त्याच्या बाजूने उभी राहिली होती, हे सहसा कोणी सांगत नाही. विरोध होता तो विभागप्रमुख क्लाइन यांचा आणि बाहेरगावच्या अनेक नामांकित प्रसूतितज्ज्ञांचा. सेमेलवाइसने स्वतःचा ग्रंथ १८६१ पर्यंत छापला नाही, आणि छापल्यावर ज्यांनी शंका काढल्या त्यांना उघड पत्रांतून खुनी ठरवले. शवातले कण रोग निर्माण करतात हे त्याचे प्रतिपादन जंतूंचा सिद्धान्त उभा राहण्याआधीचे होते, त्यामुळे हे कण शरीरात जाऊन नेमके काय करतात, या रास्त प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणजे ज्याला आपण 'प्रस्थापित वैद्यक' म्हणतो ते तेव्हाही एकजिनसी नव्हते, आणि त्याने केलेल्या विरोधामागे थोडा तर्कही होता.

तरीही तर्काने सगळा विरोध समजत नाही. हात धुवायला पैसा लागत नव्हता आणि आकडे डोळ्यांसमोर होते. अडचण अशी होती की हात धुणे मान्य करायचे म्हणजे आजवर गेलेल्या बाळंतिणी आपल्याच हातांनी गेल्या हेही मान्य करायचे, आणि हे कोणत्याही शिकलेल्या, मान मिळालेल्या माणसाला सहजी जमत नाही.

या विधानाची कसोटी पाहायची असेल तर क्ष-किरणांकडे पाहावे. रॉन्टगेनने आपला शोध १८९५ च्या डिसेंबरअखेरीस जाहीर केला, आणि १८९६ चे पहिले काही आठवडे उलटतात न उलटतात तोच युरोप-अमेरिकेतले डॉक्टर त्याने मोडकी हाडे आणि शरीरात रुतलेल्या सुया शोधू लागले. हे किरण म्हणजे काय, हे तेव्हा खुद्द रॉन्टगेनलाही नीट सांगता येत नव्हते. पण म्हणून कोणी थांबले नाही. आता १९५६ साली या. ऑक्सफर्डच्या डॉ. अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या आयांना गरोदरपणाबद्दल प्रश्न विचारले आणि असे दाखवले की ज्यांच्या पोटाचा गरोदरपणी क्ष-किरण फोटो काढला होता, त्यांच्या मुलांमध्ये हा धोका जवळजवळ दुप्पट होता. हा निष्कर्ष सर्वमान्य होऊन गरोदर स्त्रीचे असे फोटो काढणे बंद होण्यास सुमारे दोन दशके लागली. यंत्र तेच आणि व्यवसायही तोच होता. जेव्हा ते यंत्र डॉक्टरच्या हाती नवे सामर्थ्य देत होते, तेव्हा ते समजून न घेताही स्वीकारले गेले. आणि त्याच यंत्राने आपण अपाय करतो आहोत असे एका बाईने आकडे मांडून सांगितले, तेव्हा पुरावा अपुरा वाटू लागला.

म्हणून माझा प्रश्न असा आहे: वैद्यकाला नवेपणाचे वावडे आहे हे मला पटत नाही. त्याला कोणते नवे खुपते आणि ते कोणाच्या तोंडून आलेले खुपते, यावर आपण बोलावे.

पांढरी टोपी

सर, लेख आवडला. मी परिचारिका होते आणि नोकरीची बरीच वर्षे लहान मुलांच्या वॉर्डात गेली, म्हणून एका वेगळ्या बाजूने लिहिते. विरोध फक्त डॉक्टर करतात हे खरे नाही.

जुलाबावरचे मीठ-साखरेचे पाणी, ज्याला आज आपण ओआरएस म्हणतो, त्याची गोष्ट पाहा. साखरेबरोबर मीठ आतड्यातून शोषले जाते हे शास्त्रज्ञांना १९६० च्या दशकात कळले होते. तरी पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, रोग्याला शिरेतूनच पाणी दिले पाहिजे, असा दंडक होता. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपे भरून ठेवली आणि नातेवाइकांनाच पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. त्यांचा निबंध आधी नाकारला गेला आणि १९७३ मध्ये छापून आला. आपल्या जिल्ह्यात पंढरपूरची वारी आणि पटकी यांचे नाते आजी-आजोबांच्या पिढीला सांगावे लागत नसे, त्यामुळे या शोधाचे मोल आपल्याला तरी पटकन कळायला हवे होते.

प्रत्यक्षात काय होत असे ते सांगते. पूर्व भागातले एखादे कुटुंब, बाप यंत्रमागावर, आई विड्या वळणारी, रात्री पोराला घेऊन येत असे. डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली जाणारी. पण पोर शुद्धीवर, पाणी मागणारे. अशा पोराला लिटरभर पाण्यात पुडी कालवून चमच्या-चमच्याने पाजले की बहुतेक वेळा ते सकाळपर्यंत रडू लागते, आणि रडले की आम्हाला बरे वाटते. ओकले तर दहा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा आणखी सावकाश सुरू करायचे. हे ऐकून बाप चिडत असे. "सिस्टर, पाणी तर घरीपण पाजत होतो की. बाटली लावा." बाटली म्हणजे सलाईन. लावली नाही तर ती माणसे पोराला उचलून खासगी दवाखान्यात नेत, आणि तिथे बाटली लावली जाई.

यात डॉक्टरांचा दोष नाही असे मी म्हणत नाही. बाटली बिलात दिसते, चमच्याचे बिल होत नाही. बाटली लटकवली की सिस्टर, मावशी, आई सगळ्या मोकळ्या होतात. चमच्याने पाजायला एक माणूस रात्रभर जागा लागतो आणि वॉर्डात पोरे अनेक असतात. ही अडचण कोणत्याही निबंधात नसते. सेमेलवाइसच्या वॉर्डातही कोणीतरी ते चुन्याचे पाणी भरून ठेवत असणार, त्या माणसाचे नाव मात्र कुठे वाचायला मिळत नाही.

भुईकोट

सात रस्ता यांच्या मांडणीत एक मोठी फट आहे. आपण ज्यांची नावे घेतो ते सगळे पुढे खरे ठरलेले लोक आहेत. जे खोटे ठरले त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही, त्यामुळे विरोध नेहमी चुकीचाच होता असा भास होतो. सेमेलवाइसच्याच काळात शेकडो लोक शेकडो उपाय घेऊन उभे होते. त्यातला खरा कोण हे त्या दिवशी, निकाल हाती नसताना ओळखायचे होते.

आणि विरोध न केल्याची किंमतही पाहू. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला होता, म्हणून १८९० मध्ये त्यांनी क्षयावर ट्युबरक्युलिनचा उपाय जाहीर केला तेव्हा त्यातले घटक गुप्त असूनही रोगी बर्लिनला लोटले. वर्षभरात कळले की त्याने क्षय बरा होत नाही आणि काहींचा बळीही गेला. मेंदूचे धागे तोडण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल एगास मोनिझ यांना १९४९ चे नोबेल मिळाले. त्या शस्त्रक्रियेने किती माणसे निर्जीव होऊन बसली ते पुढे कळले. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आले आणि १९६१ मध्ये मागे घ्यावे लागले, तोवर जगभर दहा हजारांहून अधिक मुले हातापायांच्या व्यंगांसह जन्मली होती. अमेरिका त्यातून बरीचशी वाचली, कारण तिथल्या औषध प्रशासनातल्या फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरेशी माहिती नाही म्हणून अर्ज वारंवार परत पाठवला. त्या वेळी त्यांनाही 'नव्याला अडवणारी नोकरशाही' असेच म्हटले गेले असेल.

तत्त्वज्ञानाच्या बाजूने दोन नावे सांगतो. थॉमस कून यांनी १९६२ मध्ये मांडले की शास्त्र बहुतेक काळ एका मान्य चौकटीत चालते आणि चौकटीत न बसणारे निरीक्षण प्रथम बाजूला ठेवले जाते. त्याच्याही आधी, १९३५ मध्ये, लुडविक फ्लेक या पोलिश डॉक्टरने उपदंशाच्या रक्ततपासणीचा इतिहास तपासून दाखवले होते की तथ्य 'दिसण्यासाठी'सुद्धा एका विचारसमूहाचे प्रशिक्षण लागते. कोणतेही निरीक्षण एकटे येत नाही, बरोबर दहा गृहीतके घेऊन येते, आणि एक विसंगती दिसली म्हणून ती सगळी मोडायची ठरवले तर शास्त्र एक दिवसही चालणार नाही. अहंकार वगैरे नंतर. आधी ही गरज आहे.

वृंदावन

मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे, म्हणून या धाग्यावर माझी बाजू वेगळी असणार हे गृहीत धरले जाईल. ती थोडी आहेही.

सर्पगंधा रक्तदाबावर चालते हे कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये छापले. जगाने ते वाचले नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आपल्या रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले, तेव्हा एकदम धावपळ झाली, आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळे काढले. मधली अठरा वर्षे वनस्पती तीच होती, माणसांचा रक्तदाबही तोच. फरक पडला तो निबंध कुठे छापला गेला याने. सात रस्ता म्हणतात तो 'कोणाच्या तोंडून आले' हा मुद्दा इथे अगदी नागडा दिसतो.

पण माझ्याच मंडळींनाही एक सांगायचे आहे. ऋषींनी सांगितले म्हणून प्रमाण, असे आपल्यात फार ऐकू येते. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या शेवटी या वृत्तीची चांगली हजेरी घेतली आहे. ऋषिप्रणीत एवढ्यानेच ग्रंथ ग्राह्य होत असेल तर चरक-सुश्रुत सोडून भेल वगैरेंचे ग्रंथ का वाचत नाही, असा त्याचा प्रश्न आहे. तेव्हा जे चांगले सांगितले आहे तेच घ्यावे. वाताला तेल, पित्ताला तूप, कफाला मध, हे ब्रह्मदेवाने सांगितले काय किंवा त्याच्या पुत्राने सांगितले काय, सांगणाऱ्यामुळे त्याच्या गुणात फरक पडत नाही, असे तो म्हणतो. वाग्भट तेव्हा नवा लेखक होता आणि आपला ग्रंथ लोक घेतील की नाही याची त्याला काळजी होती, हे त्या ओळींतून स्पष्ट जाणवते. म्हणजे ही तक्रार आपल्या परंपरेच्या आतलीही आहे.

माळरान

ग्रामीण भागात सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करतो. वैद्यराज, वकील यांच्या निबंधात केवळ जागा बदलली असे नाही. त्यांनी रुग्णांचा रक्तदाब आधी आणि नंतर पद्धतशीर मोजून मांडला. पुढे रेसर्पिन घेणाऱ्यांत उदासीनतेच्या तक्रारी नोंदल्या गेल्या, त्याही मोजण्यामुळेच. तरीही १९३१ चा निबंध न वाचला जाण्यात कलकत्ता या पत्त्याचा वाटा होता हे मी नाकारत नाही.

माझ्या डोळ्यांसमोरचे उदाहरण विंचवाचे आहे. कोकणात महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे नोंदली. घाम, थंडगार हातपाय, वाढलेला रक्तदाब, मग फुप्फुसात पाणी आणि मृत्यू. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध यात उपयोगी पडते, हे त्यांनी १९८६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडले. छातीत घरघर करणाऱ्या, केव्हाही कोसळेल अशा रुग्णाला रक्तदाब उतरवणारी गोळी द्यायची, हे पाठ्यपुस्तकावर वाढलेल्या डॉक्टरला अंगावर काटा आणणारे वाटते. मलाही पहिल्या वेळी हात आखडता आला होता. करमाळ्याच्या बाजूच्या वस्तीवरून रात्री दहाला आलेला ऊसतोड मजूर, सदरा पिळून निघेल इतका घाम, हात बर्फासारखे. गोळी दिली, तासातासाने नाडी-रक्तदाब लिहीत बसलो. पहाटे हात गरम लागले. निबंध वाचून जे पटत नाही ते असे पटते, पण हे पटणेही एका रुग्णापुरते असते, हे विसरू नये. बावस्कर दांपत्याने म्हणूनच २०११ मध्ये रीतसर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडणारी, चाचणी करून प्राझोसिन एकटे आणि प्राझोसिनसह प्रतिविष यांची तुलना ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली, आणि प्रतिविष जोडल्याने रुग्ण लवकर सावरतो असे दाखवले. स्वतःच्या शोधावर थांबायला ते मोकळे होते, थांबले नाहीत.

आता भुईकोट यांच्या बाजूचे एक उदाहरण. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीआधी आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाची फुप्फुसे तयार होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि होवी यांनी १९७२ मध्ये दाखवले. औषध स्वस्त होते आणि कोणाचा अपमानही होत नव्हता, तरी अमेरिकेत त्याची सार्वत्रिक शिफारस १९९४ मध्ये झाली. मधल्या बावीस वर्षांत लाखो बाळे जन्मली असतील. हा विरोध नव्हे, ही नुसती सुस्ती. विकणारा नसेल तर स्वस्त औषधाचे कोणी नाव घेत नाही. पण गोष्ट इथे संपत नाही. तेच इंजेक्शन खेड्यापाड्यांत सरसकट पोहोचवण्याची चाचणी भारतासह सहा देशांत झाली आणि २०१५ मध्ये निकाल आला, तेव्हा त्या गावांत एकूण नवजात मृत्यू कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले. दिवस नेमके किती भरले हे ठरवण्याची सोय नसताना ज्यांना गरज नव्हती अशाही आयांना ते मिळाले, आणि जंतुसंसर्गाची शंकाही आली. पुढे २०२० मध्ये सोनोग्राफी आणि बाळाच्या देखभालीची सोय असलेल्या रुग्णालयांत चाचणी झाली, तिथे फायदा स्पष्ट दिसला. म्हणजे शोध खरा आणि तरी जागा चुकली तर घातक. अशा वेळी जिल्ह्याच्या बैठकीत 'थांबा' म्हणणारा वरिष्ठ अधिकारी प्रतिगामी की शहाणा, हे मला आजही चटकन सांगता येणार नाही.

सात रस्ता

सगळ्यांचे आभार. सिस्टरांनी लिहिलेले मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण 'प्रस्थापित' म्हणताना मी रुग्ण आणि बिल या दोघांना बाहेर ठेवले होते आणि ते तसे ठेवता येत नाहीत.

भुईकोट यांचा मुद्दा मान्य. शंका घेणे हे शास्त्राचे कामच आहे, आणि केल्सीबाईंचे उदाहरण फार नेमके आहे. पण ते नेमके का आहे ते पाहा. त्यांनी कंपनीकडे माहिती मागितली. माहिती गोळा करण्याची वाट बंद केली नाही. या एका फरकावर मला आता भर द्यावासा वाटतो, आणि माझ्या पहिल्या लेखात तो पुरेसा आला नव्हता.

कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचे उदाहरण घ्या. जगातले पहिले परीक्षानलिका बालक (टेस्ट ट्यूब बेबी) इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ ला जन्मले, आणि मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून दुर्गा ही मुलगी ३ ऑक्टोबर १९७८ ला, म्हणजे ७० दिवसांनी. त्यांनी भ्रूण गोठवून नंतर गर्भाशयात सोडला होता. ही पद्धत आज जगभर रोज वापरली जाते. राज्य सरकारने चौकशी समिती नेमली, तिने दावा उडवून लावला. इथवर आपण म्हणू शकतो की समितीला पटले नाही. पण पुढे त्यांना जपानला जाऊन आपले काम मांडण्याची परवानगी नाकारण्यात आली आणि १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्रचिकित्सेच्या संस्थेत झाली. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी जीवन संपवले. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नातून हर्षा जन्मली, ती भारतातली पहिली म्हणून नोंदली गेली; आणि त्या कामात भागीदार असलेले डॉ. आनंद कुमार यांनीच पुढे मुखोपाध्याय यांची हस्तलिखित टिपणे वाचून १९९७ मध्ये जाहीरपणे लिहिले की पहिलेपणाचा मान त्यांचा आहे. स्वतःकडचा मान दुसऱ्याला देणारी अशी माणसेही याच 'प्रस्थापितां'त असतात, हेही नोंदवून ठेवतो. मुद्दा असा की मुखोपाध्याय यांचा दावा खोटा असता तरीसुद्धा त्यांना डोळ्यांच्या विभागात पाठवणे चूकच होते, कारण त्यामुळे तो खोटा आहे की खरा हे कळण्याची सोय उरली नाही.

हाफकिन यांचेही तसेच. प्लेगची लस त्यांनी मुंबईत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला प्रथम स्वतःला टोचून घेतली. ते प्राणिशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते, आणि गोऱ्या लष्करी डॉक्टरांच्या सेवेत हे खुपणारे होते. १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवाल इथे लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस टोचली होती. बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असे ठरवून हाफकिन यांना दूर केले गेले. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता, हे चौकशीच्याच कागदांत होते. पण रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्सला पत्र लिहीपर्यंत त्या कागदांना वजन आले नाही. परळची ती प्रयोगशाळा १९२५ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते.

भुईकोट

हा फरक मला मान्य आहे, आणि त्यात उलटी बाजूही जोडतो: पुरावा आल्यावर जुने न सोडणे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सोलापुरात प्लाझ्मासाठी, म्हणजे बरे झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवासाठी, रात्री-अपरात्री किती निरोप फिरत होते ते आपल्याला आठवत असेल. आयसीएमआरच्याच, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच, चाचणीचा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आला होता की मध्यम आजारी रुग्णांत प्लाझ्माने मृत्यू कमी होत नाहीत. उपचारसूचीतून तो काढला गेला मे २०२१ मध्ये, लाट ओसरू लागल्यावर. मधल्या काळात नातेवाईक दाते शोधत वणवण फिरले. या वेळी नव्याला विरोध झाला नव्हता. नवे फार घाईने आत घेतले होते आणि बाहेर काढणे जमत नव्हते. दारात बसलेल्या माणसासमोर 'काहीतरी करणे' डॉक्टरलाही सोपे जाते.

वृंदावन

मग त्या काढ्याचे काय करायचे? आमच्यातल्या अशा दाव्यांना तुम्ही लोक एका वाक्यात उडवता, तेव्हा तेही वाट अडवणेच होत नाही का?

सात रस्ता

वाट अडलेली नाही, वैद्यराज, आणि म्हणूनच त्या गृहस्थांना सेमेलवाइसचे नाव घेण्याचा अधिकार नाही असे मला वाटते. सेमेलवाइसने आपले आकडे महिन्यागणिक मांडले होते, आणि शेजारचा दुसरा विभाग तुलनेला आयता होता. काढ्याच्या बाबतीत सभेत मला फक्त बरे झालेल्या लोकांची पत्रे दाखवली गेली. ज्यांना गुण आला नाही त्यांची पत्रे कोणी लिहीत नाही.

माळरान

व्यवहाराचे सांगतो. कोणतीही चाचणी सुरू करण्यापूर्वी ती भारताच्या सार्वजनिक चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयवर, नोंदवावी लागते. ही सोय २००७ पासून आहे आणि तिच्यात आयुर्वेदाच्या चाचण्याही नोंदल्या जातात. आधी संस्थेच्या नीतिसमितीची संमती घ्यायची. मग पहिला रुग्ण घेण्याआधी लिहून द्यायचे: कोणते रुग्ण घेणार, चालू औषधे कोणाची आणि कशी कमी करणार, तीन महिन्यांची सरासरी साखर किती उतरली म्हणजे गुण आला असे धरणार, आणि किती उतरली नाही तर काढा चालत नाही असे मान्य करणार. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना काढा आणि निम्म्यांना त्याच चवीचे, रंगाचे दुसरे पाणी द्यायचे. मध्येच सोडून गेलेले रुग्णही हिशेबात धरायचे. आपल्याकडचे बहुतेक दावे इथेच कोसळतात. इन्शुलिनवर असलेल्या रुग्णाचे इन्शुलिन काढ्याच्या भरवशावर कोणत्याही परिस्थितीत बंद करायचे नाही. त्या गृहस्थांना हा आराखडा लिहायला मदत हवी असेल तर मी रविवारी मोकळा असतो, आणि वृंदावन बरोबर आले तर काढ्याचे घटक व मात्रा ठरवण्याचे काम त्यांच्याकडे राहील.

वृंदावन

येतो. घटक मात्र त्यांनी उघड केले पाहिजेत, ही माझी पहिली अट राहील.